खुणेची भाषा: मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी

लातूरहून, कणकवलीहून, भंडाऱ्याहून किंवा थेट परदेशातून मुंबईत राहायला आलात, मराठी घरची आणि हिंदी कामापुरती येते, तरी पहिले दोन-तीन आठवडे कुठेतरी अडखळायला होतं. लोकलमध्ये शेजारचा माणूस मनगट फिरवून काहीतरी विचारतो आणि आपण नुसतं बघत राहतो. रिक्षावाला मान तिरकी करतो, त्यातून तो 'बसा' म्हणाला की 'नाही' हे कळत नाही. या शहरात बरंचसं बोलणं तोंडाने होतच नाही. गाडीच्या खडखडाटात आवाज पोहोचत नाही, आणि बहुतेक स्टेशनांवर लोकल जेमतेम २० ते ३० सेकंद थांबते. तेवढ्या वेळात वाक्य पुरं होत नाही, खूण होते.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. खूण म्हणजे अर्धं वाक्य. उरलेलं अर्धं ती जागा, समोरच्याशी असलेलं नातं आणि आधीच्या क्षणी काय घडलं यातून पुरं होतं. तोच आडवा हात पंगतीत 'पुरे' असतो, रस्त्यावर 'थांबा' असतो आणि लोकलच्या दारात 'मी उतरणार नाही' असतो. म्हणून खुणांची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही. कोण, कुठे आणि आधी काय झालं, हे तीन प्रश्न मनात ठेवून बघितलं की पंधरा दिवसांत डोळा तयार होतो.

शिवाय तुम्ही कोरी पाटी घेऊन आलेला नाहीत. कानाला हात लावणे, कपाळाला हात लावणे, नाक मुरडणे, जीभ चावणे, डोळे वटारणे, हात वर करणे, पाठ फिरवणे, ठेंगा दाखवणे हे सगळे वाक्प्रचार म्हणजे शब्दांत उतरवलेल्या खुणाच आहेत. आपण ते बोलण्यात इतके वापरतो की ते अंगाने केले जातात हे विसरून जातो. कोणी खरोखर दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या तर तो 'चुकलो, पुन्हा नाही' म्हणतोय. बोलता बोलता पटकन जीभ दाताखाली घेतली तर नको ते बोलून गेल्याची ती कबुली. समोरच्याने हात कोपरापासून जोडून डोक्यापर्यंत नेले आणि चेहऱ्यावर हसू नसेल, तर तो नमस्कार नाही, 'आता पुरे करा' आहे.

सुरुवात मानेपासून

सगळ्यात जास्त गोंधळ मानेचा. पाच हालचाली वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

मान एकदा खाली येऊन थांबली तर 'हो'. मान डावी-उजवीकडे फिरली, म्हणजे नाक एका खांद्याकडून दुसऱ्याकडे गेलं, तर 'नाही'. हे दोन्ही सोपे.

तिसरी हालचाल म्हणजे डोलणं. यात नाक समोरच राहतं आणि कान आळीपाळीने खांद्यांकडे झुकतात, दोन-तीन वेळा, हलकेच. बाहेरून आलेला माणूस तिला 'नाही' समजतो आणि इथला नवखा तिला 'हो' समजतो. दोघेही चुकतात. डोलणाऱ्या मानेचा अर्थ बहुतेक वेळा 'ऐकलं, कळलं, ठीक आहे' एवढाच असतो. त्यात कबुली असेलच असं नाही. डोलण्याचा वेग बघा. पटपट आणि हसऱ्या डोळ्यांनी डोलली तर मनापासून होकार आहे. सावकाश डोलली, ओठ मिटलेले असले आणि नजर बाजूला गेली, तर माणूस 'बघू' म्हणतोय, आणि 'बघू' हे आपल्याकडे नकाराच्या फार जवळ असतं.

चौथी हालचाल: एकाच बाजूला, एकदाच, झटक्याने झुकलेली मान. ती 'चल', 'ये', 'बसा' किंवा 'तिकडे' असते. कुठे ते कळण्यासाठी डोळे बघा, मान ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला नजरही जाते.

पाचवी म्हणजे हनुवटी वर झटकणं. भुवया सोबत वर गेल्या तर 'काय?' किंवा 'काय हवंय?'. भुवया जागेवर राहिल्या आणि तोंडातून एकदाच 'च्' आला तर ते 'नाही'. तोच आवाज तीन-चार वेळा, मान हलवत आला तर हळहळ आहे. दुकानात वस्तू विचारल्यावर एकच 'च्' ऐकू आला की दुकानदार तुम्हाला झटकून टाकत नाहीये, माल संपलाय एवढंच सांगतोय. वाईट वाटून घेऊ नका.

कामाच्या ठिकाणी या डोलण्यामुळे खरी नुकसानी होते. तुम्ही सहकाऱ्याला सांगता, 'शुक्रवारपर्यंत हे होईल ना?' तो मान डोलावतो, तुम्ही निर्धास्त होता आणि शुक्रवारी हातात काही नसतं. तो खोटं बोललेला नसतो. तुमचं म्हणणं पोहोचलं, एवढंच त्याने सांगितलेलं असतं, आणि वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणं आपल्याकडे अवघड जातं. यावर उपाय साधा आहे. मान डोलली की लगेच असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर मानेने देताच येणार नाही. 'किती वाजेपर्यंत?', 'आधी कोणता भाग?', 'कोणाची मदत लागेल?' आकडा किंवा नाव आलं तर काम होणार. पुन्हा मानच डोलली तर अडचण आहे हे समजा आणि ती चारचौघांत न विचारता बाजूला घेऊन विचारा.

लोकल

इथे खुणा सर्वांत दाट आहेत आणि चूक सर्वांत महाग पडते, म्हणून जरा सविस्तर.

गाडी यायच्या आधी फलाटावरची गर्दी बघा. लोक सरळ रांगेत सारखे पसरलेले नसतात. थोड्या थोड्या अंतराने घोळके असतात आणि मध्ये मोकळी जागा असते. घोळका आहे तिथे दार येतं. रोजच्या प्रवाशांना गाडी १२ डब्यांची की १५ डब्यांची यावरून दार कुठे येणार ते माहीत असतं, त्यामुळे इंडिकेटर बदलला की घोळकेही सरकतात. ते सरकले की तुम्हीही सरका. महिलांच्या डब्यावर स्त्रीचं चित्र असतं आणि फर्स्ट क्लासजवळ रंगीत तिरके पट्टे. घाईत हेच चुकतं, म्हणून चढण्याआधी एक नजर पट्ट्यांवर टाकाच.

पाठीवरची बॅग चढण्यापूर्वीच छातीवर घ्या. पाठीवरची बॅग मागच्याला ढकलत राहते. छातीवर घेतलीत की आजूबाजूचे लोक तुम्हाला जागा द्यायला तयार होतात, कारण या माणसाला गर्दीची रीत माहीत आहे हे त्यांना कळतं.

आत शिरल्यावर दाराशी रेंगाळू नका. दाराशी उभं राहणं म्हणजे 'मी लवकर उतरणार' असं जाहीर करणं. दूर जायचं असेल तर आत, दोन समोरासमोरच्या बाकांच्या मधल्या जागेत जा. तिथे उभं राहणं हीसुद्धा एक खूण आहे. त्याचा अर्थ 'मला बसायला जागा हवी आहे' असा होतो, आणि जागा मिळवण्याची रीत ठरलेली आहे.

आधी बसलेल्यांपैकी एकाची नजर मिळवा. नजर मिळाली की भुवया किंचित वर करा आणि हाताचा पंजा अर्धवट उघडा ठेवून मनगट एकदा फिरवा. हाच 'कुठे?'. गावाकडे ही खूण 'काय झालं?' म्हणूनही चालते, पण गाडीत बसलेल्याला विचारली तर तिचा अर्थ 'कुठे उतरणार?' एवढाच. तो स्टेशनचं नाव ओठांनी सांगेल, किंवा दोन बोटं दाखवेल, म्हणजे अजून दोन स्टेशनं. काही वेळा तो मनगट न हलवता डोळ्यांनी दुसऱ्या उभ्या माणसाकडे बोट दाखवल्यासारखं बघेल. याचा अर्थ तुमच्या आधी त्याने विचारलंय. तिथे वाद घालायचा नसतो, पुढच्याला विचारायचं.

एकदा उत्तर मिळालं की ती जागा तुमची. आजूबाजूच्यांनी ते पाहिलेलं असतं आणि ते ती राखतातही. आता उठण्याची चिन्हं ओळखा. माणूस फोन खिशात टाकतो, बॅगेची चेन लावतो, चपलेत पाय सरकवतो, खिडकीतून बाहेर डोकावतो. तो उठतोय असं दिसलं की अर्धं पाऊल मागे व्हा आणि त्याला बाहेर येऊ द्या. नवखे इथेच चुकतात. जागा जाईल या भीतीने ते पुढे सरकतात, उठणारा अडकतो, आणि दोन्ही बाजूंची माणसं वैतागतात.

तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो, त्याला सगळे 'चौथी सीट' म्हणतात. ती मागताना तोंड उघडावं लागत नाही. कडेला बसलेल्याच्या खांद्याजवळ बोटांची मागची बाजू हलकेच एकदा हलवा, जणू काही पान सरकवताय. तिघंही चार-चार बोटं आत सरकतील. कडेला कोणी वयस्कर असेल किंवा मांडीवर मूल असेल तर ही खूण करू नका.

बॅग वरच्या रॅकवर ठेवायची असेल तर खिडकीजवळच्याकडे ती नुसती पुढे करा. तो घेऊन ठेवेल. उतरताना त्याच बॅगेकडे बोट करा. अनोळखी माणसाचं सामान असं हातोहात ठेवून देणं ही या गाड्यांमधली मोठी सुंदर गोष्ट आहे. मिळालेल्या बॅगेबद्दल एक मान लववली तरी पुरते.

उतरताना एक स्टेशन आधी उठा. पुढच्या माणसाच्या खांद्यावर दोन बोटांनी दोनदा टकटक करा आणि हनुवटीने दाराकडे दाखवा. म्हणजे 'उतरणार?'. त्याने मान एकदा खाली केली तर त्याच्या पाठीशी उभे राहा, तो तुम्हाला घेऊन उतरेल. त्याने हात आडवा हलवला तर तो उतरणार नाही, आणि पाठोपाठ अंग तिरकं करून भिंतीला टेकेल. ते तिरकं झालेलं अंग म्हणजे 'जा पुढे'. न सांगता मागून ढकललंत तर मात्र तोच माणूस वाट अडवून उभा राहतो. फलाट कोणत्या बाजूला येणार हे विचारण्याची गरज पडत नाही, उभे असलेले लोक ज्या दाराकडे तोंड करून वळतात तीच बाजू. दादरला यातलं काहीच करावं लागत नाही, लोंढाच तुम्हाला बाहेर काढतो. फक्त पाय उचलत राहा आणि चप्पल घट्ट असू द्या.

विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला चढू नका. ती गाडी लांब जाणाऱ्यांची आहे असं त्यातले प्रवासी मानतात आणि बोरिवलीला वाट मिळत नाही. चुकून चढलातच तर आत न जाता आधीच कडेच्या माणसाला खूण करून ठेवा.

पुरुषांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. दाटीत, पुलावर, जिन्यावर आणि बसमध्ये हात दिसतील असे ठेवा, एक वरच्या कडीला आणि दुसरा छातीवरच्या बॅगेवर. खाली लोंबणारा हात कुणाला लागला तर तुमचा हेतू कोणी विचारत बसत नाही, आणि विचारायलाही नको. नजरेचंही तसंच. नजरानजर झाली तर ती क्षणभर टिकते आणि खाली जाते. त्यापुढे टिकवलेली नजर समोरच्या बाईला त्रास देते, मग तुमच्या मनात काहीही असो.

पाय लागला तर

ही खूण छोटी आहे, पण तिच्याशिवाय या देशात माणसाचं शिक्षण अपुरं राहतं. गर्दीत तुमचा पाय कुणाला लागला, तर तोंडाने 'सॉरी' पुरत नाही. उजवा हात पुढे करा, बोटांच्या टोकांनी त्या माणसाच्या गुडघ्याला, दंडाला किंवा जे हाती येईल तिथे हलका स्पर्श करा आणि तीच बोटं आपल्या छातीला किंवा कपाळाला लावा. सगळं मिळून एक-दीड सेकंद. समोरचा बहुतेक वेळा मान लववतो किंवा तसाच हात आपल्या छातीला लावतो, आणि विषय तिथे संपतो. अनोळखी स्त्रीला पाय लागला तर पुरुषाने स्पर्श करायचा नाही. तिच्या दिशेने हवेतच हात नेऊन छातीला लावायचा, तेवढं पोहोचतं.

पुस्तक, पैसे किंवा अन्न पायाखाली आलं तरी हीच क्रिया. दुकानात नोट खाली पडली आणि तुम्ही ती पायाने दाबून धरलीत तर दुकानदाराचा चेहरा का बदलतो, ते यावरून कळेल.

बस, रिक्षा, रस्ता

बसमध्ये कंडक्टरची घंटा ऐका. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे निघा. 'डबल बेल' हा शब्द तिथूनच रोजच्या बोलण्यात आलाय. बेस्टची असो की एसटी, रीत एकच. घंटा वाजवणं हे कंडक्टरचं काम आहे, दोरी आपण ओढायची नाही. नव्या गाड्यांत प्रवाशांसाठी बटण असतं, ते एकदाच दाबा. थांब्यावर बस थांबवायची असेल तर हात खांद्याच्या उंचीला, तळवा खाली, आणि ड्रायव्हरला दिसेल असं एक पाऊल पुढे. नुसतं बसकडे बघत उभे राहिलात तर गरज नाही असं समजून तो पुढे काढतो.

रिक्षा बांद्रा आणि सायनच्या पलीकडे, उपनगरांत. दक्षिणेकडे काळीपिवळी टॅक्सी. रिक्षावाला वेग कमी करतो, तुम्ही ठिकाण सांगता, आणि तो नुसता पुढे निघून जातो. तो नकार. मान एकदा तिरकी केली किंवा हात मीटरकडे गेला तर होकार, बसा. 'हो' ऐकायची वाट बघत उभे राहिलात तर दुसरा कोणी बसून जातो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत ड्रायव्हर एक बोट वर धरून फिरवतो, म्हणजे एकच सीट उरलीय. दोघे असाल तर पुढच्या रिक्षाकडे चला.

रस्ता ओलांडताना येणाऱ्या गाडीकडे बघत हात पुढे करा, तळवा गाडीकडे, आणि एकाच चालीने चालत राहा. पळू नका आणि मध्येच थांबू नका. चालक तुमच्या चालीवरून अंदाज बांधून गाडी तुमच्या मागून काढतो. तुम्ही चाल बदललीत की त्याचा अंदाज चुकतो, आणि अपघात तिथे होतो.

परदेशातून आलेल्यांनी गाडी चालवण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. समोरच्याने हेडलाइट लुकलुकवला, म्हणजे डिपर मारला, तर अनेक देशांत त्याचा अर्थ 'तुम्ही जा' असा होतो. आपल्याकडे तो 'मी येतोय, तुम्ही थांबा' असा आहे. जुन्या सवयीने पुढे गेलात तर समोरासमोर धडक. दुसरी गोष्ट महामार्गावरची. पुढच्या ट्रकचा उजवा इंडिकेटर कधी 'मी उजवीकडे वळतोय' असतो, तर कधी 'रस्ता मोकळा आहे, उजवीकडून पुढे जा' असतो. एकाच दिव्याचे दोन उलटे अर्थ. म्हणून नुसत्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. पुढे उजवीकडे फाटा किंवा दुभाजकातली फट आहे का बघा, ट्रकचा वेग कमी होतोय का बघा. क्लीनरचा किंवा ड्रायव्हरचा हात बाहेर येऊन पुढच्या दिशेने हलला तरच ते बोलावणं खरं, आणि तरीही समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय गाडी काढायची नाही.

हॉटेल आणि बाजार

वेटरला बोलवायचं तर आधी नजर, मग हात. तळवा खाली ठेवून चारही बोटं आपल्याकडे ओढायची. तळवा वर करून एका बोटाने बोलवणं उद्धट दिसतं. चुटकी वाजवणं आणि 'शुक शुक' करणं अपमान आहे, पैसे तुम्ही देत असलात तरी. दोन बोटं म्हणजे दोन चहा. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या बोटावर मध्यावर आडवं ठेवलं की अर्धा, म्हणजे कटिंग. हवेत लिहिल्यासारखं केलं की बिल. पाणी मागताना ओंजळीसारखा हात तोंडाकडे न्या. मूठ वळून अंगठा तोंडाकडे नेलात तर पाण्याचाही अर्थ निघतो आणि दारूचाही, आणि करंगळी बाहेर असली तर दारूचाच.

गर्दीच्या वेळी टेबल वाटून घ्यावं लागतं. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवा आणि बसलेल्याकडे बघा. त्याने आपला पेला किंवा ताटली थोडी स्वतःकडे ओढली की बसा.

बाजारात सकाळी लवकर गेलात तर एक भान ठेवा. दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. पहिली नोट हातात आली की भाजीवाली ती कपाळाला लावते. भवानी व्हायच्या आत भाव विचारून तसंच निघून जाणं तिला फार लागतं, कारण पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर दिवस तसाच जातो अशी तिची समजूत असते. घ्यायचं नसेल तर थांबू नका, थांबलात तर निदान कोथिंबिरीची जुडी घ्या. मासळी बाजारात मासा उचलून कल्ला उघडून बघितलात, की तुम्ही घेणारच असं कोळीण धरते. नुसतं बघायचं असेल तर हात मागे बांधून बघा.

समोरचा ऐकू न येणारा असेल तर

फलाटांवर कधी कधी दोन मित्र रुळांच्या पलीकडून एकमेकांशी हातांनी भराभर बोलताना दिसतात. त्या हातांना वरच्या खुणांमध्ये धरू नका. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने तिचा दहा हजार शब्दांचा कोश तयार केला आहे आणि तो फुकट बघता येतो. ती येत नसेल तरी एवढं जमवा: मागून हाक न मारता खांद्यावर हलकी टकटक करा, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहा, तोंडावर हात नेऊ नका, ओठ नेहमीसारखे हलवा. ओरडल्याने आणि ओठ ताणल्याने ओठ वाचणं उलट अवघड होतं. सोबत कोणी दुभाष्या असेल तर त्याच्याकडे न बघता त्या व्यक्तीकडे बघून बोला. लागलं तर मोबाइलवर लिहून दाखवा.

कुणाच्या घरी गेल्यावर

दारातल्या चपला आधी बघा. नेहमीपेक्षा जास्त असतील तर घरात पाहुणे आहेत, आपलं काम थोडक्यात उरका. आत गेल्यावर पाण्याचा पेला पुढे येतो. तहान नसली तरी तो हातात घ्या, घोटभर प्या. पेला परत पाठवणं म्हणजे घराला परकं मानणं. देणं-घेणं उजव्या हाताने. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायला गेलात आणि त्यांनी मध्येच तुमचे खांदे धरले, तर तिथेच थांबा. नमस्कार पोहोचला. अनोळखी स्त्रीशी हात मिळवायचा की नाही हे तिच्यावर सोडा. तिचा हात पुढे आला तर मिळवा, नाहीतर दोन्ही हात जोडणं कुठेही शोभतं.

जेवायला बसलात तर खरी परीक्षा. ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे. वाढपी पदार्थ घेऊन समोर येतो आणि क्षणभरच थांबतो. नको असेल तर पळी ताटावर यायच्या आधीच हात आडवा धरा, ताटाच्या चार-पाच बोटं वर, तळवा खाली. पळी वाकल्यावर हात आणलात तर आमटी बोटांवर पडते आणि तरीही वाढली जाते. थोडंसंच हवं असेल तर अंगठा तर्जनीच्या पहिल्या पेरावर टेकवून दाखवा.

पहिला नकार भिडेचा धरला जातो, हे लक्षात असू द्या. यजमान आग्रह करणार, कारण पाहुणा लाजून उपाशी उठू नये ही त्यांची मनापासूनची काळजी असते. खरंच नको असेल तर दुसऱ्या वेळी हात ताटावर पूर्ण पसरा, वाढणाऱ्याच्या डोळ्यांत बघा आणि हसून मान फिरवा. हसू हवंच, नाहीतर स्वयंपाक आवडला नाही असा अर्थ जातो.

याहून मोठी चूक रिकाम्या वाटीची. संपलेली वाटी म्हणजे 'आणखी वाढा'. घाईने आमटी संपवून नुसते बसून राहिलात तर ती भरत राहणार. जे नको आहे त्याची वाटी तळाशी थोडी भरलेली ठेवा आणि अगदी शेवटी संपवा. पंगतीत जेवण झालं तरी एकटे उठू नका. सगळ्यात मोठ्या माणसाने ताटापासून हात मागे घेतला की मग उठायचं.

निघायची वेळ झाली हे सांगायला घरातली बाई हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर येते. तो दिसल्यावर नवा विषय काढायचा नाही. घरी पोहोचल्यावर 'मिस कॉल दे' असं कोणी सांगितलं असेल तर एक रिंग देऊन बंद करा. ते समोरून उचलणार नाहीत, उचलायचा नसतोच. पोहोचल्याची ती पावती. फोन स्वस्त झाल्यापासून तरुण मुलं हे विसरलीत, पण वयस्कर माणसं अजून त्या एका रिंगची वाट बघत जागी असतात.

आणि कुणाकडे दुःखद प्रसंगी भेटायला जावं लागलं, तर यातलं काही लागू होत नाही. साधे कपडे घाला, हसून नमस्कार करू नका, जिथे जागा असेल तिथे जमिनीवर बसा. बोलायला काही सुचत नसेल तर बोलू नका, दहा-पंधरा मिनिटं शेजारी बसणं हेच त्या घराला हवं असतं. जवळचं नातं असेल तर हात हातात घ्या किंवा पाठीवर ठेवा आणि तिथेच राहू द्या. उठताना नेहमीसारखं 'येतो' म्हणायचं नाही, कारण अशा कारणाने पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये. नुसतं उठायचं आणि चपला घालून निघायचं. घरातलेही 'या' म्हणणार नाहीत, दारापर्यंत सोडायलाही येणार नाहीत. तीच रीत आहे.